करड्या झुडपांच्या रानात वाचवायचं काय?

प्रश्न एका पुणेकर वाचकाचा आहे. ते नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइझीला आलेत. लिहितात: "गेल्या महिन्यात पूर्व ओरेगॉनमध्ये बर्न्सपर्यंत गाडीने गेलो. तासन्‌तास नुसती कमरेएवढी करडी झुडपं, ना झाड ना सावली. इथे वन्यजीवांसाठी एवढा पैसा ओततात तो नक्की कशासाठी? वणव्यात जळालेल्या जागी झाडं लावून भागत नाही का? आणि जी थोडीफार ज्युनिपरची झाडं आहेत तीही माणसं करवतीने पाडताना दिसली. हे काय गौडबंगाल आहे?"

शेवटच्या प्रश्नावर मला हसू आलं, कारण ती करवत मीही चालवलेली आहे. या भागात कुरणं आणि वन्यजीव अधिवासाचं काम करत मला वीसेक वर्षं होत आली. मूळचा सोलापूरकडचा, त्यामुळे 'नुसता माळ' हा शब्द मला नवा नाही.

थोडक्यात उत्तर असं: इथे जे सेजब्रशचं, म्हणजे त्या करड्या झुडपांचं, रान अजून शाबूत आहे ते जळू द्यायचं नाही, यातच निम्म्याहून जास्त काम आलं. लावणं-पेरणं त्यानंतर. वणव्यानंतर ही जमीन आपल्याकडच्या जंगलासारखी पावसाळ्यात पुन्हा हिरवी होत नाही. तिथे दुसरंच काहीतरी उगवतं आणि मग ते हटत नाही.

का, ते कळायला आधी ते झुडूपच नीट बघा. पुढच्या वेळी गाडी बाजूला घ्या आणि दोन पानं चुरगळून वास घ्या. कापराची झाक असलेला कडवट, उग्र वास येतो. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि हे सेजब्रश सख्खे नसले तरी चुलतभाऊ, दोघंही आर्टेमिसिया. (स्वयंपाकातल्या सेजशी मात्र याचं नातं नाही.) पानाच्या टोकाला तीन दाते असतात आणि अंगावर बारीक पांढरी लव. करडा रंग दिसतो तो या लवेमुळे. वर्षाला जेमतेम आठ ते बारा इंच पाऊस, तोही बराचसा हिवाळ्यात बर्फ होऊन पडणारा. झुडूप वाऱ्याने उडणारा बर्फ बुंध्याशी अडवून धरतं. त्याची मुळं खोल जातात, आणि रात्री खालची ओल वरच्या थरात आणून सोडतात. शेजारच्या गवतालाही ती मिळते. उन्हाळा चढला की मोठी पानं टाकून देतं आणि लहान पानं हिवाळाभर हिरवी ठेवतं. बर्फात, बाकी सगळं मेलेलं असताना, खायला हिरवं असतं ते एवढंच. माणसालाही याचा उपयोग जुनाच आहे. १९३८ मध्ये ओरेगॉनच्या फोर्ट रॉक गुहेत सेजब्रशच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या. उत्तर पायूट या मूळनिवासी लोकांची ही भूमी तेव्हापासून वापरात आहे. 'रिकामी' ती फक्त गाडीच्या काचेतून दिसते.

त्या हिरव्या पानांवर कोण जगतं, तर सगळ्यात आधी सेज-ग्राउस. कोंबडीच्या जातकुळीतला पक्षी, नर दोन-तीन किलोचा. हिवाळ्यात तो जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खातो आणि थंडीत वाळण्याऐवजी वजन वाढवून बाहेर पडतो. धान्य भरडणारी मजबूत पेषणी त्याला नाही, त्यामुळे 'दुसरं काही खाईल' हा पर्यायच नाही. पिग्मी ससा तसाच. उत्तर अमेरिकेतला सगळ्यात लहान ससा, ओंजळीत मावेल एवढा. तो झुडपाखालच्या भुसभुशीत मातीत स्वतः बीळ करतो आणि वरचं झुडूप खातो. झुडूप गेलं की घर आणि ताट एकदम गेलं. सेज थ्रॅशर, ब्रूअर्स स्पॅरो हे पक्षी घरटंही याच झुडपांत करतात.

मार्च ते मे या काळात पहाटे सेज-ग्राउसचे नर ठरलेल्या उघड्या जागी जमतात आणि नाचतात. इंग्रजीत त्या जागेला 'लेक' म्हणतात. आपल्या लेकीशी संबंध नाही, पण माहेरच्या ओढीने येतात तसे दरवर्षी त्याच जागी येतात एवढं खरं. आमची मोजणी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. गाडी लांब उभी करून काच चार बोटं खाली घ्यायची. आधी काही दिसत नाही, नुसता आवाज येतो, रिकामी घागर पाण्यात दाबल्यावर येतो तसा बुडुक-बुडुक. मग फटफटायला लागतं आणि पांढऱ्या छातीचे ठिपके हलताना दिसतात. नर छाती फुगवतो, तिच्यातून दोन पिवळे फुगे बाहेर येतात आणि परत आत जातात. शेपटी पंख्यासारखी उभी. माद्या मधून निवांत फिरतात आणि बहुतेक जणी एक-दोन नरांचीच निवड करतात. बाकीचे नुसतेच नाचतात. आम्ही फक्त नर मोजतो. एका हंगामात तीनदा जायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा.

हे सगळं बघताना मला पहिल्याच वर्षी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाची आठवण झाली. माळढोकाचा नरही उघड्या माळावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो, आणि त्यालाही लांबवर मोकळी नजर लागते. सोलापूर जिल्ह्यात १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. सेज-ग्राउस अजून त्या टोकाला गेलेला नाही, पण वाट तीच आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९६५ पासून त्याची संख्या ८० टक्क्यांनी घटली. २०१५ मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने त्याला संकटग्रस्त यादीत घालायचं नाही असं ठरवलं, कारण सरकारी जमिनींचे ९८ आराखडे बदलून घेतले होते आणि गुरं पाळणारे खाजगी रँचरही करारात आले होते. त्यानंतर सरकारं बदलली तसे आराखडेही पुन्हापुन्हा बदलले. पक्षी मात्र त्याच मैदानावर येत राहिला.

आता खरा खलनायक. तुमच्या मोज्यांत कुसळं अडकली होती का? बारीक, तांबूस, काढली तरी धुलाईनंतरही राहणारी? ते चीटग्रास. युरेशियातलं गवत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धान्याच्या बियाण्यातून, पेंढ्यातून इथे आलं आणि अतिचराईने उघड्या पडलेल्या जमिनीवर पसरलं. त्याची सगळी हुशारी वेळेत आहे. इथलं मूळचं गवत, म्हणजे ब्लूबंच व्हीटग्रास, स्क्विरलटेल वगैरे, ठोंबांनी वाढतं. दोन ठोंबांमध्ये मोकळी जागा असते. ती जागा नीट बघितली तर मातीवर काळपट, खरबरीत पापुद्रा दिसेल. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांचा. तो माती धरून ठेवतो आणि उपऱ्या बियांना सहजी रुजू देत नाही. बूट किंवा खूर पडला की कुरकुरून मोडतो, आणि भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

चीटग्रास त्या मोकळ्या जागेत शिरतं. शरद ऋतूत उगवतं, हिवाळाभर मुळं वाढवतं, वसंतात वरची ओल सगळ्यांच्या आधी पिऊन टाकतं, आणि जूनमध्ये, इतर गवत अजून हिरवं असताना, हे बी टाकून वाळून मोकळं. डोंगराचा उतार आधी जांभळट होतो, मग गव्हाळ; तो रंग दिसला की आमच्याकडे सगळे आकाशाकडे बघायला लागतात. पूर्वी आगीला झुडपावरून झुडपावर जायला मध्ये काही नसायचं, म्हणून कोरड्या भागात वणवा पन्नास-शंभर वर्षांत एखादा, कुठे त्याहूनही विरळ. आता मधली सगळी जागा वाळल्या गवताने शिवलेली. कोरडी वीज पडली की वारा बाकीचं बघून घेतो. २०१२ मध्ये ओरेगॉनच्या लाँग ड्रॉ वणव्यात साडेपाच लाख एकरांहून जास्त गेलं, २०१८ मध्ये नेवाडात मार्टिन वणव्यात सव्वाचार लाखांहून जास्त.

सेजब्रश जळालं की मेलं. बुंध्यातून परत फुटत नाही. बी मोहरीहूनही बारीक, आईच्या आसपास काही मीटरमध्येच पडतं आणि मातीत फार तर वर्ष-दोन वर्षं टिकतं. वणव्याच्या मध्यभागी, जिथून जिवंत झुडूप कोसभर लांब आहे, तिथे बी येणार कुठून? चीटग्रासचं बी मात्र मातीत तयार असतं. दुसऱ्या वर्षी सगळा उतार त्याचाच. मग पुन्हा वाळतं, पुन्हा जळतं. काही भागांत आता पाच-दहा वर्षांत त्याच जागी परत आग येते. एकदा हे चक्र बसलं की तो भाग आम्ही आपसात 'गेला' म्हणतो, आणि हे म्हणताना कोणी आवाज चढवत नाही.

"झाडं लावून भागत नाही का?" माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक किस्सा. कुठला वणवा, कोणतं कार्यालय हे राहू द्या. हजारो एकर जळालं होतं, खर्चाची मुदत संपत आली होती, आणि विमानातून पेरायला सेजब्रशचं बी हवं होतं. एका पौंडात वीसेक लाख बिया असतात. वाटतं, एवढ्यांतून काहीतरी उगवेलच. जवळचं बी मिळेना, म्हणून मिळेल ते लांबचं बी घेतलं. माझीही सही होती. सेजब्रश बाहेरून एकसारखं दिसतं, पण त्याच्या उपजाती वेगळ्या: उंचावरची, कोरड्या पठाराची, खोल मातीची. पारखायची एक सोपी युक्ती आहे. पान चुरगळून पाण्याच्या ग्लासात टाकायचं आणि अतिनील दिवा लावायचा. डोंगरावरची उपजात निळसर लख्ख चमकते, कोरड्या पठारावरची फिकी. ही परीक्षा मी त्या वर्षी केली नाही, तिसऱ्या वर्षी केली, तेव्हा पाहणीच्या एका पट्ट्यात एकूण दोन रोपं जिवंत होती. दोन्ही चमकली. आम्ही डोंगरातलं बी पठारावर पेरलं होतं, वर हिवाळा बिनबर्फाचा गेला.

तेव्हापासून मी बी गोळा करण्याच्या वेळेवर माणसांशी भांडतो. ते नोव्हेंबरच्या आसपास पिकतं, तेव्हा थंडीत हातमोजे घालून, कापडावर फांद्या झटकून जवळच्याच रानातून घ्यावं लागतं. जिथे हमखास झुडूप हवं, म्हणजे नाचाच्या मैदानाजवळ किंवा सशांच्या बिळांच्या पट्ट्यात, तिथे रोपं लावतो. ओरेगॉनच्या ऑन्टारिओ गावातल्या स्नेक रिव्हर तुरुंगात २०१४ पासून कैदी ही रोपं वाढवतात. बोटाएवढं रोप, शरदात पाऊस लागल्यावर, अरुंद पात्याच्या कुदळीने पाडलेल्या भोकात सरळ उभं करायचं आणि टाचेने माती दाबायची. मूळ वाकडं गेलं तर उन्हाळ्यात रोप गेलंच. एक माणूस दिवसाला काहीशे लावतो. जळालेलं क्षेत्र लाखात. गुणाकार तुम्हीच करा.

रसायनंही वापरतो. इमॅझापिक फार काळ चालत आलंय, अलीकडे इंडाझिफ्लॅम. दोन्ही चीटग्रासचं बी उगवताना मारतात, पण पेरलेलं आपलं बीही त्यांना ओळखीचं नसतं. मधलं अंतर चुकलं तर दोन्ही गेली. मला स्वतःला फवारणी शाबूत रानाच्या कडेला केलेली जास्त पटते. चीटग्रास तिथे नुकतंच शिरत असतं आणि ठोंबाचं गवत अजून जिवंत असतं. तिथे आपण वेळ विकत घेतो. पूर्ण 'गेलेल्या' जागेवर तोच पैसा ओतणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. हे मत सगळ्यांना आवडत नाही, कारण सरकारी पैसा नेहमी जळाल्यावर येतो, जळण्याआधी नाही. पण २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की उत्तम स्थितीतलं सेजब्रश रान गेली वीसेक वर्षं दरवर्षी सुमारे १३ लाख एकर या वेगाने कमी होतंय. तेव्हापासून तरी निदान नकाशे 'आधी शाबूत गाभा' असे रंगवले जाऊ लागलेत.

आता तुमची करवत. ज्युनिपर इथलाच, परका नाही. खडकाळ कपारींत शेकडो वर्षांचे पीळदार बुंधे आहेत, त्यांना आम्ही हात लावत नाही. पण १८६० नंतर जनावरांनी गवत खाल्लं, मग माणसांनी आगी विझवल्या, आणि डोंगराच्या ओलसर उतारांवर कोवळे ज्युनिपर खाली सरकत आले. (हो, खाली आग जास्त झाली आणि वर कमी. एकाच तालुक्याएवढ्या भागात दोन्ही रोग उलटे.) ज्युनिपर पाणी पितो, सावलीत सेजब्रश मरतं. सेज-ग्राउसला तर उभं झाड म्हणजे घारी-गरुडांची बसायची जागा. झाडांचं आच्छादन चार टक्क्यांच्या वर गेलं की नाचाची मैदानं ओस पडलेली दिसतात. चार टक्के म्हणजे एकरात मोजकी झाडं. ओरेगॉनच्या दक्षिणेला वॉर्नर पर्वताजवळ बरीच वर्षं चाललेल्या अभ्यासात झाडं काढलेल्या भागात पक्ष्यांचा वाढीचा दर न काढलेल्या भागापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त निघाला. आपल्याकडे माळ दिसला की वृक्षारोपणाचा फलक लावायची घाई असते, म्हणून झाड तोडून संवर्धन हे पचायला जड जातं. मलाही गेलं होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून हेच करतोस?"

कुंपणं हा लहान वाटणारा पण मला फार आवडणारा विषय. प्रॉन्गहॉर्न हा इथला हरणासारखा प्राणी. पश्चिम गोलार्धात त्याच्याइतकं वेगाने धावणारं दुसरं जनावर नाही. पण त्याला उडी मारण्याची सवय नाही. कुंपण आलं की तो गुडघे टेकून खालून सरपटतो. खालची तार काटेरी आणि जमिनीला टेकलेली असेल तर एकतर पाठ सोलून निघते, नाहीतर कळप अडकून पडतो. उपाय फार साधा: खालची तार गुळगुळीत घ्यायची आणि जमिनीपासून सोळा ते अठरा इंच वर ठेवायची. सेज-ग्राउस पहाटे अंधारात खालून उडत मैदानावर येतात आणि तारेवर आपटतात, म्हणून वरच्या तारेला तीन इंची पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या अडकवायच्या. आयडाहोतल्या एका अभ्यासात अशा खुणांनी टकरी ८३ टक्क्यांनी कमी झाल्या. नको असलेलं कुंपण काढणं त्याहून बरं. १९३६ मध्ये प्रॉन्गहॉर्नसाठीच स्थापन झालेल्या हार्ट माउंटन अभयारण्यात स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं जुनी काटेरी तार गुंडाळून शेकडो मैल कुंपण काढलं.

तिथून नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला गायीही बाहेर काढल्या होत्या. ओढ्यांकाठी त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: त्याच जागांचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून मोजलं तेव्हा उघडी माती ९० टक्क्यांनी घटलेली निघाली, विलो परत आला. म्हणून गायी हटवल्या की सगळं मिटलं, असं काही लोक म्हणतात. ओढ्यांपुरतं मी मान्य करतो. कोरड्या पठारावर चीटग्रास गायी गेल्या म्हणून जात नाही. शिवाय इथे पाणी जिथे, तिथे पहिल्या वसाहतकऱ्यांनी घरं बांधली; ओल्या कुरणांचा मोठा हिस्सा आजही खाजगी आहे, आणि जुलैत सेज-ग्राउसची पिल्लं किडे आणि कोवळा पाला शोधत तिथेच येतात. रँचरशी भांडून पिल्लं वाचत नाहीत. बर्न्सच्या हार्नी परगण्यात २०१४ मध्ये रँचर आणि वन्यजीव खातं यांच्यात ऐच्छिक करार झाले: तुम्ही ही ही कामं करा, उद्या पक्षी यादीत गेला तरी नवे जाच लागणार नाहीत. आणि वणवा लागला की सरकारी बंब तासाभराच्या वाटेवर असताना पहिला पोहोचतो तो शेजारचा रँचर, पिकअपवर पाण्याची टाकी घेऊन. ओरेगॉन आणि आयडाहोत त्यांची रीतसर स्वयंसेवी अग्निशमन मंडळंच आहेत. माझ्या हिशोबात गेल्या काही वर्षांतला सगळ्यात फायद्याचा खर्च त्यांना दिलेल्या वायरलेस आणि प्रशिक्षणाचा.

मोकाट घोडे, नेवाडातल्या लिथियमच्या खाणी, विजेच्या खांबांवर बसून अंडी टिपणारे डोमकावळे, हे सगळं आहेच. घोडे आणि मोकाट गाढवं मिळून ठरवलेली मर्यादा २५-२६ हजार, प्रत्यक्षात ७० हजारांच्या वर. त्यावर बोलायला लागलं की माणसं जेवण सोडून उठतात, म्हणून इथे थांबतो.

तुम्ही बॉइझीत आहात तर दोन गोष्टी जमतील. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. तापलेला एक्झॉस्ट पुरतो, आणि ट्रेलर ओढत असाल तर साखळी रस्त्याला घासत नाही ना ते बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपं लावायला स्वयंसेवक लागतात. येताना कॅनव्हासचे नाही, गुळगुळीत कातड्याचे बूट घाला आणि निघताना कुसळं तिथेच काढून पिशवीत भरा. एप्रिलमध्ये नाच बघायचा असेल तर जाणत्या माणसाबरोबर मध्यरात्रीनंतर निघा, अंधारातच पोहोचा, थर्मास हाताशी ठेवा, आणि शेवटचा नर उडून जाईपर्यंत गाडीचं दार उघडू नका.